बायोनिकलच्या छोट्या फिगर्स: तुमच्या संग्रहात कोण होते आणि आठवणीत काय राहिले?

रानजाई:

सर्वांना नमस्कार.

लेगो या खेळण्यांच्या कंपनीच्या बायोनिकल मालिकेचा विषय निघाला की बोलणे बहुधा सहा तोआ वीरांपाशी येऊन थांबते. आगीचा लाल ताहू, पाण्याची निळी गाली, बर्फाचा पांढरा कोपाका, हवेचा हिरवा लेवा, मातीचा काळा ओनुआ आणि दगडाचा तपकिरी पोहातू ही नावे, ज्याने २००१ साली त्या उभट प्लॅस्टिकच्या डब्यांपैकी एक तरी उघडला असेल, त्याच्या स्मरणातून जाणे कठीण आहे. मला मात्र या धाग्यात त्यांच्यापेक्षा बऱ्याच ठेंगण्या मंडळींविषयी विचारायचे आहे. माता नुई बेटावरील सहा गावांचे वृद्ध प्रमुख, म्हणजे तुरागा, आणि त्या गावांतले साधे रहिवासी, ज्यांना पुढे मातोरान हे नाव मिळाले, त्यांच्या लहान फिगर्स ज्यांनी गोळा केल्या, त्यांच्या आठवणी मला वाचायच्या आहेत.

माझे प्राथमिक शाळेचे वय न्यू जर्सीत गेले. तोआ जमवण्याचा मान थोरल्या दादाचा होता आणि माझ्या वाट्याला लहान फिगर्स येत असत, कारण त्या स्वस्त होत्या. २००१ साली अमेरिकेत मॅकडोनल्ड्सच्या मुलांच्या जेवणाच्या खोक्यातून सहा गावकरी मिळत: जाला, हुकी, माकू, कोंगू, ओनेपू आणि मातोरो. मोजक्या तुकड्यांत जुळणारी ती खेळणी होती. त्यांना तोआंसारखे दणकट हातपाय नव्हते, पण चेहऱ्यावर मुखवटा होता, स्वतःचे नाव होते आणि स्वतःचे गाव होते. एवढ्या तीन गोष्टींवर मी त्यांच्यासाठी दिवसभराचे आयुष्य रचत असे. कोण मासे धरायला गेले, कोण पहाऱ्यावर उभे राहिले, कोणाला तुरागांनी बोलावून घेतले, हे सारे मला तोआंच्या लढायांपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटे.

पुढे कथा वाढत गेली तेव्हा माझा हा कल योग्य होता असे मला प्रकर्षाने वाटू लागले. २००४ साली कथानक भूतकाळात गेले, आणि काठी टेकत चालणारे ते सहा वृद्ध एके काळी मेट्रू नुई या महानगराचे तोआ होते हे उघड झाले. २००६ साली सहा मातोरान स्वतः तोआ इनिका झाले, आणि त्यांच्यातले चौघे त्या जेवणाच्या खोक्यातून आलेले होते: जाला, हुकी, कोंगू आणि मातोरो. (पहिल्या दोघांच्या नावांचे हिज्जे तोपर्यंत बदलून जालर आणि ह्यूकी असे झाले होते.) पाच वर्षांपूर्वी खिशात मावणाऱ्या पात्रांना लेखकांनी विसरून न जाता मोठे केले, ही गोष्ट खेळण्यांच्या जगात मला आजही विलक्षण वाटते.

दादाची दहा वर्षांची लेक आता या संग्रहाविषयी विचारू लागली आहे. म्हणून आठवणींच्या बरोबरीने दोन व्यावहारिक प्रश्नही विचारते. तिला ही कथा कोठून सांगायला सुरुवात करावी? आणि जुन्या फिगर्सचे सांधे कालांतराने ठिसूळ होतात असे वाचनात येते, तर त्या हाताळताना आणि ठेवताना कोणती काळजी घ्यावी?

सह्यवारा:

रानजाईताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझे बालपण इंग्लंडमध्ये, लेस्टरमध्ये गेले, आणि माझ्या आठवणींचा गाभा म्हणजे मुखवटे.

नव्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो. पहिल्या वर्षी मुखवट्यांचे एकूण बारा आकार होते. त्यांपैकी सहा थोर मुखवटे तोआंचे: संरक्षणाचा हाऊ, पाण्याखाली श्वास घेऊ देणारा काऊकाऊ, आरपार पाहणारा आकाकू, तरंगत नेणारा मिरू, बळ देणारा पाकारी आणि वेग देणारा काकामा. उरलेले सहा तुरागांचे: वाकामाचा हुना लपवणारा, नोकामाचा राऊ भाषा उलगडणारा, मातौचा माहिकी भास निर्माण करणारा, ओनेवाचा कोमाऊ मन ताब्यात घेणारा, व्हेनुआचा रुरू अंधारात पाहणारा आणि नुजूचा मातातू स्पर्शाशिवाय वस्तू हलवणारा. हे बारा आकार सहा रंगांत मिळत असल्यामुळे पूर्ण संच बहात्तर मुखवट्यांचा होई. मुखवट्यांची छोटी पाकिटे वेगळी विकत मिळत आणि पाकिटात कोणता रंग व कोणता आकार निघेल हे बाहेरून कळत नसे.

आमच्या शाळेत भारतीय, पाकिस्तानी, पोलिश आणि इंग्रज मुले एकाच कट्ट्यावर बसून अदलाबदल करत. तेथे किमती ठरलेल्या नव्हत्या, पण सर्वांना मान्य असलेले संकेत होते. ज्याच्याकडे एकच प्रत आहे त्याच्याकडे ती मागायची नाही, आणि एखाद्याचा संच एका मुखवट्यावाचून अडला असेल तर त्याला तो आधी द्यायचा. काऊकाऊला सर्वांत अधिक मागणी असे, कारण तो पारदर्शक होता आणि त्यातून आतले डोके दिसत असे. उन्हात धरला की टेबलावर रंगीत छाया पडे.

तुम्ही छोट्या फिगर्सचा विषय काढला आहे, तर एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. एखादा मुखवटा मोठ्या वीरासाठी वेगळा आणि लहान वृद्धासाठी वेगळा अशा मापांत बनवलेला नव्हता. वाकामाच्या चेहऱ्यावरचा हुना ताहूच्या चेहऱ्यावरही तितकाच नीट बसे. कथेतही असेच होते: तोआंना आपल्या थोर मुखवट्यांच्या जोडीने हे वृद्धांचे मुखवटेही बेटभर हिंडून शोधावे लागत. म्हणजे आम्ही कट्ट्यावर जे करत होतो तेच कथेतली पात्रे बेटावर करत होती. गोळा करण्याच्या छंदाला कथेत असे प्रामाणिक स्थान देणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही. २००२ साली बोहरोक हे शत्रू आले, त्यांच्या डोक्यात बसणारे मऊ रबरी क्राना आठ प्रकारचे होते, आणि कथेतल्या तोआंनाही तेच आठ प्रकार जमवायचे होते. २००४ साली कानोका चकत्या आल्या, आणि त्यांच्यावरचा तीन अंकी आकडा चकती कोठे घडली, तिची शक्ती कोणती आणि त्या शक्तीची पातळी किती हे सांगत असे. आम्ही तो आकडा वाचायला इतके सरावलो होतो की नुसता अंक ऐकून चकतीची किंमत ठरवत असू.

लेकीला कोठून सुरुवात करून द्यावी याविषयी माझे मत ठाम आहे. तिला २००१ च्या मूळ सहांपैकी एक तोआ सुटे भाग करून, डब्यात घालून द्या. कथेत तोआ बेटाच्या किनाऱ्यावर अशाच डब्यांतून येऊन पडतात, त्यांचे अवयव विखुरलेले असतात आणि स्वतःला स्वतःच जोडून ते उभे राहतात. पहिली फिगर जुळवताना मूल कथेचा पहिला प्रसंग आपल्या हातांनी घडवते. इतकी नेमकी सुरुवात सोडून मधूनच कोठून तरी प्रारंभ करणे मला पटत नाही.

गोदाकाठ:

नमस्कार. मी नाशिकचा आहे आणि माझा अनुभव वरील दोघांपेक्षा बराच वेगळा आहे, कारण माझ्याकडे वस्तू अगदी थोड्या होत्या. मामा सिंगापूरला नोकरीला होता. त्याने एकदा तुरागा नुजू आणला, आणि पुढे काही वर्षे माझा संग्रह म्हणजे तो एकटा वृद्ध होता. मी बायोनिकल ओळखले ते संगणकावर.

कंपनीच्या संकेतस्थळावर २००१ मध्ये माता नुईचा एक खेळ टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत होता. न्यूयॉर्कच्या टेम्प्लर स्टुडिओज या संस्थेने तो बनवला होता. त्यात खेळणारा तोआ नसतो. तो ताकुआ नावाचा साधा गावकरी असतो, ज्याला आपला भूतकाळ नीट आठवत नाही आणि जो गावोगाव फिरून घडणाऱ्या गोष्टी पाहतो. तोआ क्वचित दिसतात, कधी दूरवर तर कधी प्रसंगाच्या शेवटी. बाकी सारा वेळ तुम्ही गावकऱ्यांच्या सोबत असता. गा-कोरोत माकू मदत मागते, कारण तिच्या गावातली माणसे पाण्याखाली बुडालेल्या झोपडीत अडकलेली असतात. पो-कोरोत चेंडूंमधून रोग पसरत असतो आणि त्याचे मूळ शोधावे लागते. ओनु-कोरोत खेकड्यांच्या शर्यती असतात. आणि को-कोरोच्या बर्फात मातोरो भेटतो, जो तुरागा नुजूचा दुभाषी आहे, कारण नुजू इतरांसारखे बोलत नाही. तो शिट्या आणि हातवारे यांतूनच व्यक्त होतो.

माझ्याकडे नुजूच होता, त्यामुळे हा प्रसंग मी पुनःपुन्हा पाहत असे. घरी डायल-अप जोडणी होती आणि दूरध्वनी अडकून पडतो म्हणून रात्री जेवणानंतरच ती वापरण्याची परवानगी होती. एकेक चित्र उतरायला वेळ लागे. आज मला वाटते की त्या संथपणामुळे बेटाचे अंतर खरेखुरे जाणवत असे. एका गावातून दुसऱ्या गावात जायला जसा वेळ लागावा तसा तो लागे, आणि मधल्या काळात मी टेबलावर ठेवलेल्या नुजूची काठी एका हातातून दुसऱ्या हातात देत बसे. खेळात कापुरा नावाचा एक फार सावकाश चालणारा गावकरी आहे. मोठ्या संकटाच्या वेळी जी छोटी तुकडी किनी-नुईच्या मंदिराचे रक्षण करायला निवडली जाते, तिच्यात हा कापुराही असतो. तोआ भूमिगत होऊन माकुता या खलनायकाशी लढत असताना वर मंदिरापाशी उभे राहतात ते हे गावकरी. ज्याच्याकडे एकही तोआ नव्हता अशा माझ्यासारख्या मुलाला या प्रसंगाने किती बळ दिले असेल याची कल्पना आपण करू शकता.

सह्यवाराजी, आपल्या मताचा आदर आहे, परंतु मी त्या लेकीला आधी हा खेळ दाखवीन. तो खेळ ज्यावर चालत असे ते फ्लॅशचे तंत्र २०२० च्या अखेरीस बंद झाले तरी चाहत्यांनी तो जतन केलेला आहे. बायोमीडिया प्रोजेक्ट या चाहत्यांच्या संग्रहात तो आजही खेळता येतो आणि त्याच ठिकाणी अनेक जुने चित्रपटांश व ध्वनीही आहेत. फिगर हातात येण्यापूर्वी ती कोणत्या गावची आहे हे कळले, तर तिच्याविषयीची आपुलकी वेगळी असते.

दंतचक्र:

मी पिंपरीत यंत्रांच्या आरेखनाचे काम करतो आणि बायोनिकल हा माझ्यासाठी या व्यवसायाचा पहिला धडा होता, म्हणून सांध्यांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मीच द्यावे असे वाटले.

आधी हे समजून घ्यावे की या फिगर्स लेगोच्या टेक्निक प्रकारातून आलेल्या आहेत. त्यांच्या आधी १९९९ मध्ये स्लायझर आणि २००० मध्ये रोबोरायडर्स या मालिका येऊन गेल्या होत्या आणि उखळीच्या सांध्यावर उभ्या राहणाऱ्या फिगर्सचा पाया त्यांनी घातला होता. बायोनिकलने त्यात चालणारे यंत्र घातले. २००१ च्या ताहूच्या पाठीमागचे चक्र फिरवले की दंतचक्रांच्या जोडणीतून तलवारीचा हात वर-खाली होतो. पोहातूचे धड उलटे बसवलेले आहे, त्यामुळे तीच यंत्रणा त्याच्या पायाला लाथ मारायला लावते. एकाच भागाची दिशा बदलून निराळे पात्र निर्माण करण्याची ही युक्ती मला आजही अतिशय सुंदर वाटते. आणि डोळे पाहा. डोक्याच्या आत एक पारदर्शक रंगीत तुकडा असतो, त्याचे एक टोक मागे व वर उघडे असते आणि दुसरे टोक डोळ्यांच्या जागी येते. मागून प्रकाश पडला की डोळे चमकतात. बॅटरी नाही, तार नाही, केवळ प्रकाशाला वाट करून दिलेली आहे.

२००४ च्या तोआ मेट्रूंना वाकणारे गुडघे मिळाले. २००६ च्या इनिकांपासून मात्र दंतचक्रे गेली. हातपाय अधिक मुक्तपणे वळू लागले आणि शस्त्रांत दिवे आले, परंतु पाठीमागचे चक्र फिरवण्याचा आनंद संपला. इनिकांच्या शरीरात पात्र म्हणून मातोरो आणि कोंगू आहेत हे खरे, पण यंत्र म्हणून मला २००१ ते २००५ ही वर्षेच समृद्ध वाटतात. २००३ च्या राहक्षी या खलपात्रांना या हिशेबात मी फार वरचे स्थान देतो.

आता काळजीविषयी. उखळीच्या सांध्यात गोळी बसते तेव्हा भोवतीची वाटी सतत थोडी ताणलेली राहते, आणि हा ताण वर्षानुवर्षे टिकला की वाटीला चीर जाते. २००७ आणि २००८ च्या सुमाराच्या पोपटी रंगाच्या सांध्यांमध्ये हा दोष संग्राहकांना विशेष आढळलेला आहे. इतर रंगही पूर्णपणे सुरक्षित नाहीत. म्हणून ज्या फिगर्स मांडून ठेवायच्या नाहीत त्यांचे सांधे सोडवून, भाग सुटे करून ठेवावेत. सोडवताना गोळी सरळ ओढू नये, तर वाटीच्या उघड्या बाजूकडे हळूहळू कलती करून बाहेर काढावी. थंडीत प्लॅस्टिक अधिक कडक होते, तेव्हा घाई करू नये. पोपटी सांधे तर शक्यतो हलवूच नयेत.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. पाणी ४० अंश सेल्सियसपेक्षा गरम नसावे. थेट उन्हात वाळवू नये, कारण पांढऱ्या व राखाडी भागांना प्रकाशाने पिवळेपणा येतो, आणि कोपाकाच्या बाबतीत तो लगेच नजरेत भरतो. काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पिवळेपणा घालवतात, परंतु मी तो उपाय आधीच ठिसूळ झालेल्या सांध्यांवर करणार नाही. ताराकावासारख्या मोठ्या राही प्राण्यांमधील रबरबँड काढून वेगळे ठेवावेत आणि मांडताना नवे घालावेत.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खरा धोका प्लॅस्टिकला नसून कागदाला असतो. जुळणीच्या पुस्तिकांना बुरशी धरते. त्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. एखादी पुस्तिका आधीच गेली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर सेटचा क्रमांक घालून ती उतरवून घेता येते. ताहूचा क्रमांक ८५३४, कोपाकाचा ८५३६, आणि तुरागांचे ८५४० ते ८५४५. तुटलेला एखादाच भाग हवा असेल तर ब्रिकलिंक या संकेतस्थळावर तो सुटा मिळतो.

अक्षरलेणे:

नावांचे हिज्जे बदलले असे रानजाईताईंनी जाता जाता म्हटले आहे, त्यामागचा इतिहास या धाग्यात नोंदला जावा म्हणून लिहीत आहे.

पहिल्या वर्षी या गावकऱ्यांना तोहुंगा म्हटले जात होते. हा न्यूझीलंडच्या माओरी समाजात ज्ञानी, तज्ज्ञ व्यक्तींसाठी वापरला जाणारा आदराचा शब्द आहे, आणि मालिकेतली इतर अनेक नावेही त्याच भाषेतून उचललेली होती. २००१ मध्ये माओरी समाजाच्या वतीने मौई सॉलोमन या वकिलांनी कंपनीकडे आक्षेप नोंदवला. पवित्र आणि सामाजिक अर्थ असलेल्या संज्ञांचा व्यापारासाठी अनुमतीविना उपयोग होतो, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. त्यानंतर तोहुंगा ही संज्ञा वगळून मातोरान हे घडवलेले नाव आले आणि जाला, हुकी, माकू यांचे हिज्जे बदलले. हा बदल कथेतही आणला गेला: मोठ्या पराक्रमाबद्दल गावकऱ्यांना नव्या स्वरूपातील नाव बहाल करण्याचा एक समारंभ २००३ मध्ये दाखवला आहे.

मला हा आक्षेप पूर्णपणे रास्त वाटतो. आपल्याकडे एखाद्या परदेशी खेळण्याला संतांचे वा कुलदैवताचे नाव कोणालाही न विचारता दिले गेले असते, तर आपणही गप्प बसलो नसतो. या मालिकेवर प्रेम करणाऱ्याने ही बाजू टाळू नये, आणि पुढच्या पिढीला कथा सांगताना तीही सांगावी असे मी सुचवीन. जुन्या फिगर्सच्या विक्रीच्या जाहिरातींत अद्यापही तोहुंगा हा शब्द दिसतो. आपण लिहिताना मातोरान लिहावे.

रानजाई:

सर्वांचे आभार. अक्षरलेणे यांनी दिलेली माहिती मला इतक्या नेमकेपणाने ठाऊक नव्हती आणि ती मी पुतणीला अवश्य सांगेन. दंतचक्रदादांच्या सूचनेप्रमाणे पोपटी भाग असलेल्या सर्व फिगर्स आता वेगळ्या काढते आहे.

सह्यवारा आणि गोदाकाठ यांची मते परस्परविरुद्ध असली तरी दोन्ही एकत्र आणता येतील असे वाटते: खेळातले को-कोरो गाव आधी पाहायचे आणि मग कोपाका जुळवायचा. मात्र एका गोष्टीविषयी माझे मन अजून द्विधा आहे. मातोरोची कथा तिला शेवटपर्यंत सांगावी का? २००७ च्या अखेरीस, ज्याच्या नावाने ते बेट ओळखले जाते त्या माता नुई या महान आत्म्याला वाचवण्यासाठी तो जीवनाचा मुखवटा स्वतः धारण करतो आणि त्यात त्याचा अंत होतो. नुजूच्या शिट्यांचा अर्थ सांगणारा, कधीही पुढे पुढे न करणारा तो दुभाषी अशा रीतीने जातो हे वाचून मी तेरा-चौदा वर्षांच्या वयातही फार रडले होते. ती दहा वर्षांची आहे.

सह्यवारा:

ताई, सांगावी. मुलांच्या खेळण्यांच्या कथेत मृत्यू अंतिम ठेवण्याचे धैर्य या लेखकांनी दाखवले. २००३ मध्ये जालर मरण पावतो, पण तो परत येतो. मातोरो परत येत नाही, आणि म्हणूनच त्याच्या कृतीला वजन आहे. शिवाय त्या बलिदानाचा अर्थ कळायला पुढचे वर्षही सांगावे लागेल. २००८ मध्ये उघड होते की माता नुई हा एक महाकाय यंत्रमानव आहे, ज्या बेटावर आपण सारे हिंडलो ते त्याच्या चेहऱ्यावर होते, आणि सगळे मातोरान त्याच्या देहाच्या आत काम करत राहिल्यामुळे तो जिवंत होता. म्हणजे शेतात, खाणीत, भट्टीपाशी राबणारे ते छोटे गावकरी या विश्वाचा प्राण होते. तुम्ही लहानपणी त्यांच्यासाठी जी दिनचर्या रचत होता, तिचे कथेतले स्थान इतके मोठे होते.

या कल्पनेचे मूळही सांगण्यासारखे आहे. मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेले डॅनिश कलादिग्दर्शक क्रिस्चन फेबर यांना मेंदूत गाठ झाली होती आणि त्यांना नियमित इंजेक्शने घ्यावी लागत. ते औषध म्हणजे शरीरात उतरून दुरुस्ती करणारे लहान सैनिक आहेत असे त्यांनी मनाशी पाहिले. औषधाच्या कॅप्सूलसारखे डबे, त्यांतून येणारे वीर आणि झोपी गेलेला, आजारी महाकाय देह हे सारे तेथून आले. दहा वर्षांच्या मुलीला हे नीट समजेल, आणि मातोरोचे जाणे तिला केवळ दुःखद वाटणार नाही.

गोदाकाठ:

सह्यवाराजींशी या बाबतीत पूर्ण सहमत आहे. बोहरोक हेही याच चौकटीत पाहावेत. २००२ मध्ये ते बेट उजाड करणारे शत्रू वाटतात, पण त्यांचे काम महाकाय देह उठण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्यावरचे बेट साफ करणे हे होते. त्यांच्या छोट्या साथीदारांच्या, म्हणजे बोहरोक व्हांच्या फिगर्स कोणाच्या संग्रहात असल्यास त्यांच्याविषयीही लिहावे. त्यांचा फारसा उल्लेख कोठे होत नाही.

रानजाईताई, मातोरोचा भाग सांगताना सारांश न देता मूळ चित्रकथा तिच्या हाती द्या. डीसी कॉमिक्सने काढलेल्या आणि लेगो क्लबच्या मासिकाबरोबर येणाऱ्या त्या चित्रकथा ग्रेग फार्श्टी यांनी लिहिलेल्या आहेत. हेच लेखक बीझेडपॉवर या चाहत्यांच्या मंचावर वाचकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देत असत, आणि मातोरान कसे राहतात, काय करतात याविषयीचे कितीतरी तपशील त्या उत्तरांतूनच आपल्याला मिळाले. २०१० मध्ये खेळणी थांबल्यावर त्यांनी काही कथा मालिकेच्या संकेतस्थळावर क्रमशः चालू ठेवल्या. त्यांतल्या एकीत वेलिका या २००६ च्या छोट्याशा मातोरान फिगरविषयी असे रहस्य उघड होते की ते येथे लिहिणे योग्य होणार नाही. त्या कथा अपुऱ्या राहिल्या आहेत, हे मात्र तिला वाचायला देण्यापूर्वी सांगून ठेवावे.